मिळेनाशी

मोरकॅमच्या दुकानात ऑलरनशॉ म्हणाला, "नाहीये."
नाहीये म्हणजे संपलीये, की बंद झालीये?
त्यानं चष्मा कपाळावर चढवला
आणि रिकाम्या खणाकडे असं पाहिलं
जसं काही तो खणच उत्तर देणार होता.
"येत नाही, एवढं खरं."

राखाडी डबी, हिरवा पट्टा.
पंचवीस एएसएची. संथ, हट्टी,
घाईच्या माणसाला कधीच न मानवणारी.
एकोणीस वर्षं मी तिच्यावर ही खाडी उतरवली.
इथं ओहोटी लागली की पाणी पार क्षितिजापलीकडे जातं,
मागे मैलोन् मैल ओला उजेड थापलेला.
बाकीच्या फिल्म त्याला पांढरा म्हणून मोकळ्या होतात.
हिला त्यात अकरा राखाडी दिसतात.
मोजलेत मी.

नोकरी लँकेस्टरच्या हॉस्पिटलात, एक्स-रे काढायची.
अंधारात फिल्मची बाजू कळेना
तर कोपरा ओठाला लावायचा:
चिकटेल ती कामाची.
मग एका मार्चमध्ये डबे आलेच नाहीत,
पडदे आले.
बंद झालं असं कुणी म्हणालं नाही.
डार्करूममध्ये फक्त व्हीलचेअर ठेवायला लागले.

कंपनीला पत्र टाकलं. दोन ओळींचं उत्तर:
उत्पादनांचा आढावा सुरू आहे,
आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.
जणू आजाऱ्याच्या चौकशीला गेले
आणि कुणीतरी दारातूनच म्हणालं, झोपलेत.

प्रेस्टनचा एक टॅक्सीवाला म्हणे शपथेवर सांगत होता,
केंडलच्या केमिस्टकडे तीन डब्या पाहिल्या.
गेले. बस बदलून, पावसात.
होत्या तीन डब्या. राखाडी, हिरवा पट्टा.
खोकल्याच्या गोळ्या.
एक घेतली.
एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातानं कसं परतायचं?

आपल्यात घरातलं कुंकू संपत नाही, वाढतं.
बांगडी वाढते. दुकानसुद्धा रात्री वाढवतात.
मला ते लहानपणी खोटं वाटायचं,
आता तितकंसं वाटत नाही.
आणि आपल्या भाषेत आणखी एक जागा आहे,
आहे आणि नाहीच्या मधली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यासारखी:
दिसेनासं होणं. आठवेनासं होणं.
वाळूवरून चालत लांब गेलेल्या माणसाला
आपण गेला म्हणत नाही,
दिसेनासा झाला म्हणतो.
वळला तर पुन्हा दिसेल.
तशी माझी फिल्म. मिळेनाशी.
हे ऑलरनशॉला कसं सांगणार?
त्याला म्हटलं, थँक्यू.

फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे एक उरली होती.
तिला मी शेवटची म्हणत नव्हते.
कशासाठी ठेवली होती तेही माहीत नव्हतं,
ग्रहणासाठी, भाचीच्या लग्नासाठी,
एखाद्या अशा सकाळीसाठी, जी आली की आपोआप कळेल.
तारीख उलटून तीन वर्षं झालेली.
गेल्या मंगळवारी सरळ उघडली.
निमित्त काही नव्हतं.
कोळंबीवाली विनी पॉसलथ्वेट ट्रॅक्टर धूत होती,
नळी एका हातात, सँडविच दुसऱ्या.
"माझा कसला फोटो? थांब, केस तरी..."
मी म्हटलं, राहू दे. फक्त हलू नकोस.
हिला वेळ लागतो.

विनी हलली. सँडविच नाही हललं.
मग तिचे बूट काढले, मग चाकांच्या खुणा,
खुणांत साठलेलं पाणी, पाण्यात विनीचा ट्रॅक्टर उलटा,
आणि बरीच वाया जाणारी आभाळं.

आज काउंटरवर छत्तीस.
भरताना टोक जपून खोचलं असेल
तर कधी कधी एक जास्तीची निघते.
खोचलं होतं का जपून? आठवत नाही,
नळीचं पाणी उडत होतं.
समोर ओहोटी. कुणीतरी कुत्र्याला हाक मारतंय
आणि कुत्रा लांब, ठिपक्याएवढा.
अंगठा लिव्हरवर आहे.
फिरवून अजून पाहिलेलं नाही.